शेजारच्या पात्राला ऐकू येत नाही

तीर्थस्वरूप दादांस,

धाकट्या मेहुण्याचा मान खाली घालून नमस्कार. तुमचे गुडघे आणि वहिनींचा खोकला कसा आहे? (तुमच्या बहिणीची विचारपूस करायला मला तोंड उरलेलं नाही. ती तुमच्याकडे आहे, म्हणजे बरी असणारच.)

आमच्या चष्म्याच्या दुकानाला पंचवीस वर्षं झाली म्हणून मालकांनी फर्मान काढलं, की प्रत्येकाने स्टेजवर काहीतरी करून दाखवायचं. मी मागच्या खोलीत काचा घासणारा माणूस. माझ्या गळ्यात त्यांनी स्वगत मारलं. (एकट्यानेच बोलायचं असतं, तुला सवय आहे, म्हणाले.) आधी मरणाऱ्या राजाचं घेतलं, पण माझा आवाज असा, की राजा सर्दीने गेला असं वाटावं. मग दारुड्याचं घेतलं. ते दुकानात पाठ करत होतो, तर एका गिऱ्हाईकाने आपला नंबरचा कागद परत मागून घेतला. शेवटी एका नवऱ्याचं ठरवलं. त्याला ना मुकुट लागत होता ना झोकांड्या.

तालीम घरीच, आणि आमच्या घराला खोली एक. तुमची बहीण कपड्यांच्या घड्या घालत असायची. मी तिला आधीच नीट समजावून सांगितलं, की स्वगताचा नियम असा: शेवटच्या रांगेपर्यंत सगळ्यांना ऐकू येतं, पण शेजारच्या पात्राला येत नाही. तेव्हा तू आपलं काम चालू ठेव. तिने आठ दिवस ठेवलं. मीही आठ दिवस घसा ताणून म्हणत होतो, की हिच्याशी बोलायला जावं तर उत्तर आधीच ठाऊक असतं, म्हणून मी बोलणंच सोडून दिलं. नवव्या दिवशी तिने बॅग भरली. मी कारण विचारलं.

"तुमचं स्वगत असेल हो," ती म्हणाली, "पण मला ऐकू येत होतं."

दादा, आज अकरा दिवस झाले. तालमीला हवी तेवढी शांतता आहे आणि माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. फार वाईट वाटतं. तिला एवढंच सांगा, की मी पुस्तकातलं म्हणत होतो, त्यात माझं पदरचं काही नव्हतं.

आपला,
घशाला आराम पडलेला मेहुणा

ता. क. कार्यक्रमातून मी नाव काढून घेतलंय. माझ्या जागी नंबर तपासणारे डॉक्टर शिट्टीवर गाणं वाजवणार आहेत.

आणखी एक. पुस्तकाचं खोटं आहे. नवऱ्याचं स्वगत कुठे मिळालंच नाही, तेव्हा काचांच्या रिकाम्या पाकिटांवर मीच लिहून काढलं. ती पाकिटं काल चादर बदलताना (हो, दहा दिवसांनी) उशीखाली सापडली. शेवटच्या पाकिटावर तिच्या अक्षरात लिहिलंय, "हे मला का नाही सांगितलंत?" उत्तर लिहायला तीनदा बसलो, पण मायन्यापुढे सरकेना. तुम्हाला लिहितोय असं धरून बसलो तेव्हा कुठे हात चालला. तेव्हा हे पत्र तिच्या हातात द्या. तुम्ही वाचून दाखवू नका.