श्रावणात पाला बंद

आषाढ व. ३०, दिव्यांची अवस

दिवे घासले. नलिनीनं समया पुसल्या, त्या मी पुन्हा पुसल्या. सून पुण्याची, हाताले राख लागली की तोंड वाकडं. उद्यापासून श्रावण. पालेभाजी बंद, कोबी बंद, कोथिंबीरसुद्धा नाही. दरवर्षीचंच.

विचारते कशी, "आई, गबूचं काय?"

गबू म्हणजे तिचा विलायती उंदीर. भावानं पुण्याच्या प्रयोगशाळेतून आणून दिला. गिनीपिग म्हणे. ना धड ससा, ना धड घूस. स्वयंपाकघरात पिंजरा, अन् दिवसभर कुईं कुईं. लग्नाले इतकी वर्षं झाली, घरात पाळणा काही आला नाही, पिंजरा आला.

म्हटलं, मी पाला खात नाही त्या घरात उंदीर खाईल? पाल्यासंगं अळ्या येतात, देव इथंच आहेत. भात घाल, ढेप भिजवून घाल. मलकापुरात म्हशी सरकीच्या ढेपेवर दूध देतात, तुझा उंदीर काय मोठा लागून गेला?

वसंता खाली मान घालून जेवत होता. माझाच पोरगा. कापसाच्या जिनात कारकून. मायसमोर मांजर, बायकोसमोरही मांजर.

श्रावण शु. ५, नागपंचमी

आज चिरायचं नाही, कापायचं नाही, तवा ठेवायचा नाही. दिंडं केली. माझं दिंड पेजेत कुस्करून. सारे दात काढले तेव्हापासून हेच चालू. कवळी अकोल्याच्या डॉक्टरनं बनवून ठेवली, आणाले वसंताले सवड नाही.

दुपारी न. अंगणातून पदरात काही झाकून आली. म्हटलं, दाखव. हरळी. चांगली कोवळी, लुसलुशीत.

"हातानं खुडली, आई. कापली नाही."

वकीलीण! तिच्या हातून घेतली अन् पाटावरच्या नागोबापुढं वाहिली. उंदराले वास गेला. जाळीले तोंड घासत राह्यला. मजा वाटली मले. खोटं काऊन लिहू?

श्रावण शु. ११

उंदीर ढेप तोंडात घेतो, सोडून देतो. भाताचं तेच. न. म्हणे, "त्याची भूक गेलीय."

माझी कवा गेली, कोणी विचारलं?

दोन वाट्या मांडते. मले पेज, त्याले दुधात कुस्करलेली पोळी. त्याची पोळी माझ्या पेजेहून बारीक. मी बोट घालून पाह्यलं.

राखीपौर्णिमा

नारळीभात. चव काही समजली नाही, हिरड्या दुखतात.

उंदराची हनुवटी ओली. लाळ गळते, गळ्याखालचे केस चिकटून गेले. न. फडक्यानं पुसत बसते. पहिले टरबुजावानी गोल होता, आता पाठीची हाडं हाताले लागतात म्हणे. मी हात लावत नाही, ती सांगते.

भात तिनं पानात घेतलाच नाही. "तो खात नाही तोवर मला जात नाही."

अव माय! उपाशी राहून धाक कोणाले? उपासात या गावात माझा कोणी हात धरणार नाही.

श्रावण व. ८, गोकुळाष्टमी

न. भांडी घासता घासता बोलली. आवाज चढवला नाही. "गबू गेला तर मी पुण्याला जाईन. परत येणार नाही."

वसंता ओट्यावर होता. ऐकलं त्यानं. विडी विझवली अन् पुन्हा पेटवली.

मी म्हटलं, जाय ना. मलकापूर आहे हे, गाड्याले काय तोटा?

मंग दुपारी पडल्या पडल्या सुचलं, पेज कोण करीन. वसंताले चुलीत लाकूड घालता येत नाही. माझ्या हाताले कंप. असो. जाणार कुठं? पुण्यात भावजय आहे, ती काय पायघड्या घालीन?

श्रावण व. १३

पोळा तोंडावर. ढोरांच्या दवाखान्यात बैलच बैल. कोणाचा खांदा सुजला, कोणाचा खूर. त्या रांगेत आमची पुण्याची सून टोपली घेऊन उभी. मी मुद्दाम संगं गेली. म्हटलं, तिकिटाबिगरचा तमाशा काऊन सोडा?

टोपलीतलं पाहून लोकं हसले. एक जण म्हणे, "बाई, याले झूल शिवली का पोळ्याची?" मीही हसली. तोंडावर पदर धरून. दात नाहीत म्हणून पदर, लाज म्हणून नाही.

डॉक्टर बैलांचा माणूस. तरी त्यानं उंदराचं तोंड उघडलं, आत बत्ती धरली. समोरचे दात वाढून वाकडे. आतले वाढून जिभेवर चढले असतील म्हणे, म्हणून गिळत नाही. वरून हिरड्या सैल, रक्ताळल्या. या जातीचे दात जन्मभर वाढतात, पाला-गवत चावून चावून झिजतात. अन् हिरवं नाही भेटलं तर अंगातली ताकदच जाते.

"हिरवं देता ना?"

न.नं माझ्याकडं पाह्यलं. एकदाच. मंग डॉक्टरले म्हणे, "मीच कमी दिलं. पावसात मिळालं नाही."

आता काय सांगू! खिडकीबाहेर गुडघ्याएवढं गवत. सारी रांग खो खो हसली. एक म्हातारा म्हणे, "पावसात गवत भेटत नाही? कोण्या गावची व तू?" डॉक्टरही हसला. ती खाली पाहत उभी राह्यली. कान लाल.

मले कोणी हसलं नाही.

दात कापाचं बारीक हत्यार त्याच्यापाशी नव्हतं. पोळा झाल्यावर या, कोणाकडून मागवून पाहतो म्हणे.

घरी येईपर्यंत माझा संताप संताप झाला. तिले कोणी सांगतलं होतं मले झाकाले? सांगाचं होतं ना, माझ्या सासूनं बंद केलं म्हणून! मी चार लोकांत ठणकावून बोलली असती, श्रावण आहे, आमच्यात चालत नाही. आता बोलाले तोंडच राह्यलं नाही.

गवत तरीही आणू दिलं नाही. दोन दिवसांसाठी नेम मोडू का?

पोळा

गल्लीत बैल फिरले. शिंगं तासलेली, वर हिंगूळ, बेगड. वसंता जिनातल्या लोकांसंगं बैल पाहून आला तो एक अक्कल घेऊनच. "माय, बैलाची शिंगं तासतात, त्याले काही होते का? दाताचं तेच. दवाखाना कशाले पाह्यजे?"

न. "नको" म्हणाली. दोनदा म्हणाली.

मी म्हटलं, माझा अडकित्ता घे. धार चांगली आहे. मले आता सुपारीचा काय उपयोग, मी तर पानही कुटून खाते.

उंदीर मी धरला. पहिल्यांदाच हात लावला. अंगात काही नव्हतं त्याच्या, निसता जीव धडधडून राह्यला होता. वसंतानं अडकित्ता दाबला. कट्ट वाजलं. दात आडवा तुटला नाही, उभा चिरला, वर हिरडीपर्यंत. असा ओरडला तो, इतक्याशा तोंडातून एवढा आवाज! माझ्या लुगड्यावर रक्त.

वसंता अडकित्ता टाकून मोरीत ओकला. बैल पाहून आलेला मर्द.

न.नं माझ्या हातून उंदीर घेतला. रडली नाही. मले वाटलं होतं रडेल, अन् रडली की मी काय बोलाचं तेही ठरवलं होतं.

पुरणपोळी तशीच राह्यली. माझी कुस्करून ठेवली होती तिनं सकाळीच. ती मी खाल्ली.

भाद्रपद शु. १

श्रावण सुटला. सकाळीच न. ओंजळभर हरळी घेऊन आली, विचारलंही नाही. पिंजऱ्यात टाकली. उंदीर त्यावर जाऊन बसला. तोंडात काडी धरली, धरून राह्यला. चावता येईना. काडी तशीच ओठात.

ती कितीतरी वेळ पाहत बसली. मंग उठून ट्रंक काढली.

भाद्रपद शु. २

गेली. सकाळच्या गाडीनं. मनमाडले बदलून पुणे. हरतालिका उद्या आहे, म्हटलं, लोकं काय म्हणतील?

पिंजरा उचलून माझ्या खाटेपाशी ठेवला. "प्रवासात मरेल तो. तुमचा नियम सुटला ना आता? द्या पाला." पाया पडली. पडली नसती तरी चाललं असतं. मी पाठीवर हात ठेवाले गेली तर ती उठून उभी.

वसंता पोचवून आला, गोणीवानी पडून राह्यला.

पेज मीच केली. करपली.

हरतालिका

उंदीर खाटेपाशी. रात्रभर कुईं नाही, काही नाही. पहिले त्या आवाजानं डोकं उठे. आता कान लावून बसते.

भाताचं पाणी कापसाच्या वातीनं तोंडात सोडलं. अर्धं बाहेर. सुजलेली हिरडी दिसते, चिरलेला दात हलतो. मले माहीत आहे कसं दुखते. माझ्या वेळी सुई तरी दिली होती डॉक्टरनं.

मेला असता तर सुटला असता. पण आता मराचं नाही त्यानं. आता नाही.

ऋषीपंचमी

आज बैलाच्या कष्टाचं खायचं नाही. हातानं लावलेलं, परसातलं. अळू, चवळी, राजगिरा, सारा पालाच पाला. मीच खुडला. श्रावणभर जे घरात येऊ दिलं नाही तेच आज पाटावर ढिगानं.

वसंता काल अकोल्याहून कवळी घेऊन आला. घरात बायको नाही तवा बरी सवड भेटली! घालून पाह्यली. टोचते. काढून वाटीत ठेवली.

माझ्या पानाच्या खलबत्त्यात राजगिऱ्याची कोवळी पानं कुटली, गंधावानी बारीक. बोटावर घेऊन उंदराच्या तोंडाशी नेली. नाक हललं. बोट हिरवं झालं, जबडा हलल्यासारखा वाटला. गिळलं का थुकलं, समजलं नाही. लाळ हिरवी झाली एवढं खरं. पुन्हा कुटलं. पुन्हा लावलं. सकाळपासून हाच धंदा. माझी भाजी चुलीवर गार झाली.

दुपारी वसंता पिशवी भरून समोर उभा. "मी पुण्याले जाऊन राह्यलो, माय. तिले आणतो. विचारीन ती, काय सांगू?"

म्हटलं, सांग, खाऊन राह्यला.

तो वाकून पिंजऱ्यात पाहत राह्यला. "खाते का पण?"

"तू सांग तर खरं."

"अन् आल्यावर तिले खोटं दिसलं तर?"

"येऊ तर दे," म्हटलं, अन् पुन्हा खलबत्ता ओढला.