ताईने काढलेली मठाची सहल

२ नोव्हेंबर
ताईने मला न विचारता एका दिवसाच्या सहलीची दोन तिकिटं काढली. डोंगर आणि डोंगरावरच्या जुन्या मठाचे अवशेष. बस, गाईड, जेवणाचं पाकीट, सगळं धरून. मी स्पष्ट सांगितलं, की गाईडच्या मागे कळपाने फिरणं माझ्या स्वभावात नाही. ती म्हणाली, तुझ्या स्वभावात काय काय नाही ते मला पाठ आहे. बारा तारखेला, रविवारी पहाटे निघायचं.
जाणार नाही. निर्णय पक्का.

३ नोव्हेंबर
जाणार आहे. ताई विधवा बाई, एकटी इतक्या लांब कशी जाईल? (रोज चष्म्याच्या दुकानात कामाला एकटीच जाते, पण ते सपाटीवर आहे.)
शिवाय बसभर अडाण्यांमध्ये एक तरी जाणकार हवा. लायब्ररीतून मठांवरचं जाड पुस्तक आणलं. पहिलं आणि शेवटचं प्रकरण वाचलं. मधलं अंदाजाने कळतं.

६ नोव्हेंबर
व्यायाम सुरू. आजपासून लिफ्ट बंद, जिन्याने चढायचं.

७ नोव्हेंबर
चौथ्या मजल्यावरच्या बाईंनी मला पाहून खुर्ची आणि पाणी आणलं. आगाऊपणा. मी विचार करत बसलो होतो, ते त्यांना दम लागल्यासारखं वाटलं. लिफ्ट पुन्हा सुरू. दमसास डोंगरासाठी राखून ठेवणं शास्त्रीय आहे.
ऑफिसात एक बाई तक्रार घेऊन आली. पाणीपुरवठ्याच्या तक्रार विभागात दुसरं येणार काय? चार दिवस नळ कोरडा म्हणे. मी तिला समजावलं, मठातले लोक पावसाचं पाणी साठवून वर्षभर भागवायचे, आणि तेही आनंदाने. ती सरळ साहेबांच्या केबिनमध्ये गेली. मग साहेबांनी मला बोलावलं. साहेबांचं वाचन शून्य आहे.

९ नोव्हेंबर
मोठा उलगडा!
ताई गॅलरीत फोनवर बोलत होती. मी दाराआड उभा होतो, सहज. ती म्हणाली, तुमची बहीण येतेय ते बरंच झालं, तिची आणि याची ओळख होऊ दे. मग म्हणाली, मनाने वाईट नाही हो तो, फक्त सवय व्हावी लागते.
म्हणजे सहल हे निमित्त. कुणीतरी आपल्या बहिणीला मला दाखवायला आणतोय. चोपन्नाव्या वर्षी! ताईने इतकी वर्षं मनात ठेवलं आणि मला पत्ता लागू दिला नाही. भोळी आहे. मला कळलंय हे तिला कळू द्यायचं नाही.
नवे बूट घेतले. मिशीला रंग लावला.

१२ नोव्हेंबर, रविवार. बसमध्ये
मिशीचा रंग वरच्या ओठावरही बसलाय. साबणाने जात नाही. त्यामुळे चेहऱ्याला भारदस्तपणा आलाय.
गाईड म्हणजे माइक हातात सापडलेला पोरगेला इसम. सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावतो. मग प्रत्येकाने आपली ओळख करून द्यायची. मी मठांच्या उगमापासून सुरुवात केली; मुद्द्यावर येतोय तोच त्याने माइक काढून घेतला. बॅटरी वाचवायची होती म्हणे.
एक निवृत्त दातांचा डॉक्टर आहे, गळ्यात मफलर. म्हणाला, आयुष्यभर लोकांना तोंड उघडायला सांगितलं, आता स्वतःचं उघडतोय. बस खदखदून हसली. इतका फालतू विनोद! ताईसुद्धा हसली, ती कुणाचं मन मोडत नाही. हाच तो फोनवाला. ताईच्या दुकानात चष्मा करायला येतो. एका माणसाला किती चष्मे लागतात कोण जाणे, बहुतेक दर महिन्याला येतो.
त्याची बहीण शाळेत खेळ शिकवायची. उंच, खणखणीत आवाज. आता निवृत्त आहे, पण गळ्यातली शिट्टी सुटलेली नाही. मी मनात तिचं नाव शिट्टीबाई ठेवलं.
आणि ताईचा त्याग पाहा! आपण होऊन उठली, त्या दातवाल्याशेजारी जाऊन बसली आणि शिट्टीबाईला माझ्या शेजारची खिडकी दिली. माझ्यासाठी बिचारी त्याचे विनोद ऐकत तीन तास बसणार.

चहाच्या स्टॉपवर
शिट्टीबाईला माझ्यात फारच रस आहे. आडून आडून नाही, थेट विचारते. स्वयंपाक येतो का? मी म्हटलं, कधी गरजच पडली नाही. कपडे कोण धुतं? ताई. आजारी पडलात तर? ताई. वीजबिल, गॅस, बँक? मी म्हटलं, या क्षुद्र गोष्टींत मी लक्ष घालत नाही. तिने हळहळून मान हलवली. एवढा माणूस आजवर एकटा कसा राहिला, असंच तिच्या मनात आलं असणार.
अर्थात लगेच हो म्हणणार नाही. तिला जरा थांबू दे.

मठात, भिंतीच्या सावलीत
बसमधून उतरल्यावर पायवाट. चढण आहे असं जाहिरातीत लिहिलं होतं, पण इतकी आहे असं लिहिलं नव्हतं. फसवणूक. दातवाला आणि ताई बोलत बोलत पुढे निघून गेले. ताईचे गुडघे दुखतात ना? घरची लिफ्ट बंद पडली की दोन जिन्यांतच कुरकुरते. इथे शेळीसारखी चढत होती.
पहिल्या वळणावर बूट चावायला लागला. तेवढ्यात शिट्टीबाईने माझा दंड धरला. बाईमाणूस, चढाची भीती वाटली असणार. तिला माझ्या आधाराची गरज आहे हे ओळखून मी माझा सगळा भार तिच्यावर टाकला. तशाच अवस्थेत आम्ही वर आलो. शेवटी शेवटी ती शिट्टी वाजवून मला पावलं टाकायला लावत होती. खेळकर स्वभाव आहे.
वर बघण्यासारखं आहे, हे कबूल करावं लागेल. छत उडालेलं लांबलचक दालन, त्यात कमरेइतकं गवत. एका बाजूला ओळीने दगडी खोल्या, एक माणूस जेमतेम आडवा होईल एवढ्या. खडकात खोदलेलं टाकं, वर हिरवं शेवाळ. वारा इतका, की दातवाल्याचा मफलर उडून टाक्यात पडला. मला बरं वाटलं. पण ताईने लगेच आपला स्कार्फ काढून त्याला दिला. आता तो निळ्या फुलांचा स्कार्फ बांधून हिंडतोय. लाज म्हणून नाही.
गाईडने सांगितलं, इथे मठवासी मौन पाळायचे. मी मौनाचं महत्त्व नीट उलगडून सांगितलं. अर्ध्यावर निम्मे लोक फोटो काढायला गेले. मग गाईड म्हणाला, ही काळवंडलेली भिंत म्हणजे स्वयंपाकघर. मी जागेवर खोडून काढलं. हे ग्रंथालय होतं. काजळी दिव्यांची, वाचनाचा नाद दांडगा असणार. गाईड म्हणाला, मग ही चूल? मी म्हटलं, चहाला. लोक हसले. गाईडची चांगलीच जिरली.
आता या लोकांना वैराग्य म्हणजे काय ते दाखवतो.

संध्याकाळी, घरी
दाखवलं.
शेवटच्या खोलीच्या भिंतीत एक कोनाडा आहे. गाईड म्हणे भांडी ठेवायचा. मी म्हटलं, मुळीच नाही, ही ध्यानाची जागा. माणसाला जगायला यापेक्षा जास्त काही लागत नाही, हे सांगून मी पाय दुमडून आत बसलो. शिट्टीबाई पुढेच उभी होती. मी डोळे मिटले. फार चांगला परिणाम झाला, कुणी बोलेना. डोळे उघडून उठायला गेलो तर कमर दोन्हीकडून दगडात बसलेली. पायही बधिर.
पूर्वीचे लोक आकाराने लहान होते, हे माझ्या लक्षातच राहिलं नाही.
गाईडने ओढलं. दोन कॉलेजच्या मुलींनी ओढलं. शिट्टीबाईने शिट्टी वाजवून सगळ्यांना एकदम ओढायला लावलं. नाही. मग दातवाला पुढे आला. ताईचा स्कार्फ डोक्याला, बाह्या वर. माझा खांदा हलवून पाहिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, मुळं घट्ट आहेत, पण निघेल. एक पाय भिंतीला लावला, मला आधी डावीकडे हलवलं, मग उजवीकडे, मग खेचलं. निघालो. त्याने विचारलं, चूळ भरायची का? मठाच्या पवित्र भूमीवर ही भाषा!
ताईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. भावाची काळजी.
एक गोष्ट लिहून ठेवतो. मी आत अडकलो होतो आणि गाईड आणखी माणसं बोलवायला धावला, तेव्हाची. माणसांच्या गर्दीतल्या फटीतून बाहेरचं दिसत होतं. ताई पडक्या भिंतीवर बसून संत्रं सोलत होती. एक फोड त्याला, एक स्वतःला. तिला अजून कळलं नव्हतं माझं काय झालंय ते. कशाला तरी हसली. तशी हसलेली तिला मी भावजी गेल्यापासून पाहिली नव्हती. दातांच्या डॉक्टरसमोर माणूस तोंड जास्त उघडत असावा.
पँट फाटली. बस उशिरा सुटली, त्याचं खापर माझ्यावर. परत येताना शिट्टीबाई झोपली. विश्वासाचं लक्षण.

१४ नोव्हेंबर
शिट्टीबाईकडून काही नाही. बायकांना वेळ लागतो.
ठरवलं, नकार द्यायचा. मी स्वतंत्र माणूस आहे.

१५ नोव्हेंबर
पाठ अजून आखडलेली. ताईने शेक दिला. शेकता शेकता म्हणाली, तुझ्याशी बोलायचंय, पण तू बोलू देशील तर. मी म्हटलं, मला सगळं कळलंय. ती दचकली. मी म्हटलं, विचार करून सांगतो.

१७ नोव्हेंबर
होकार द्यायचं ठरवलं. अटी: शिट्टीबाईने इथे राहायला यायचं. शिट्टी बंद. ताईची सोय मागच्या लहान खोलीत.
जेवताना सांगून टाकलं, ताई, माझी तयारी आहे.
ताईने घास खाली ठेवला. मला म्हणाली, खरंच? मी म्हटलं, खरंच. ती रडायलाच लागली. माझा हात धरून म्हणाली, मला वाटायचं तू आकांडतांडव करशील. चार महिने मला झोप नाही रे. तू माझ्यापेक्षा मोठा निघालास. मी म्हटलं, तू काळजी करू नकोस, लहान खोली तुझीच. ती म्हणाली, लहान खोली कशाला, डॉक्टरांच्या घरी चार खोल्या आहेत.
म्हणजे मी तिकडे राहायला जायचं? घरजावई? हे अटींत बसत नाही. उद्या स्पष्ट विचारतो.

१८ नोव्हेंबर
लग्न ताईचं आहे.

१९ नोव्हेंबर
काल जास्त लिहिलं नाही. हात दुखत होता.
या वयात! आणि कुणाशी? तर दुसऱ्यांच्या तोंडात बोटं घालून जगलेल्या माणसाशी! मी ताईला म्हटलं, लोक काय म्हणतील? ती म्हणाली, लोकांनी पेढे मागितलेत. चौकशी केली. चौथ्या मजल्यावरच्या बाईंना माहीत होतं. बसमध्ये सगळ्यांना माहीत होतं. मी चहाच्या स्टॉपवर डायरी लिहीत होतो तेव्हा गाईडने माइकवरून अभिनंदन केलं म्हणे.
मी सांगितलं, माझा विरोध आहे. ताई म्हणाली, विरोध कर, पण साक्षीदार म्हणून सही करायला ये. माझं दुसरं माणूस कोण आहे?
मग मी विचारलं, आणि माझं काय?
ती भांडी पुसायला लागली. मग म्हणाली, तेच तर बघायला त्यांची बहीण आली होती. मला तुला असं टाकून जाववत नव्हतं. त्या म्हणाल्या, मी एकदा माणूस बघते आणि सांगते.
मग काय सांगितलं?
म्हणाल्या, सुरुवात शून्यापासून करावी लागेल, पण शिकतील.

२३ नोव्हेंबर
शिट्टीबाई आली. मला कुकर लावायला शिकवलं. मग मशीन, मग गॅसचा नंबर कसा लावायचा. मी चुकलो की शिट्टी. एकदा तिची शिट्टी कुकरची समजून मी गॅस बंद केला. भात कच्चा राहिला. तो मलाच खायला लावला.
बोलता बोलता मी सुचवलं, की तुम्हीही एकट्या, मीही एकटा होणार. ती म्हणाली, एका भावाला इतकी वर्षं सांभाळून आत्ता कुठे उजवलं, मला आता जरा श्वास घेऊ द्या. मग घड्याळ पाहून गेली.
ठीक आहे. तशीही तिची उंची मला जास्तच वाटत होती.

३० नोव्हेंबर
रजिस्ट्रारच्या ऑफिसात पंख्याखाली बाकं. आमचा नंबर आला तेव्हा कारकुनाने मला विचारलं, तुम्ही वधूचे कोण? दातवाल्याविषयी मी चार वाक्यं तयार करून गेलो होतो, खणखणीत. ती तशीच राहिली. भाऊ, एवढंच म्हणालो. सही केली. ताईने अबोली साडी नेसली होती. तिने मला वाकून नमस्कार करू दिला नाही, जवळ घेतलं. डॉक्टर म्हणाला, दर रविवारी जेवायला यायचं. मी म्हटलं, बघू, सवड असली तर.
चालत घरी आलो. वाटेत ठरवलं: उद्यापासून नवीन शिस्त. लवकर उठणं, वाचन, मोजका आहार. एकांताचा खरा उपयोग आता होणार. गडबड नाही, कुरकुर नाही, कुणाचं ऐकणं नाही.
दारावरची बेल वाजवली. थोडं थांबून पुन्हा वाजवली.
समोरच्या बाई दार उघडून बघत राहिल्या. म्हणाल्या, किल्ली ताईंनी माझ्याकडे ठेवलीये.
मी म्हटलं, माहीत आहे. बेल चालते का बघत होतो.