जपानी ट्रॅक्टर आणि सव्वातीन फुटांची ओळ

५ मे
निर्णय पक्का. यंदापासून बैलांची शेती बंद. पन्नाशी उलटली तरी मी बैलांच्या शेपट्यांमागेच चालतोय. आज देवळीला सलूनमध्ये नंबर लागेपर्यंत मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला. जपानमधला एक म्हातारा, माझ्याहून बराच मोठा, छोट्याशा ट्रॅक्टरवर बसून चहा पीत नांगरतोय. कप हिंदकळतसुद्धा नाही. असे वापरलेले ट्रॅक्टर जहाजाने इकडे येतात आणि हिंगणघाटच्या हायवेवर विकायला असतात म्हणे. घरी येऊन प्रमिलाला सविस्तर सांगितलं. तिने विचारलं, बैलांना पाणी दाखवलं का. राहून गेलं होतं.

९ मे
हिंगणघाट. पत्र्याच्या शेडमध्ये ट्रॅक्टरच ट्रॅक्टर. सगळे बुटके, सगळे चकचकीत. राकेश नावाचा तरुण दाखवत होता. इस्त्रीचा शर्ट, बोलणं हिंदी-मराठी मिक्स. त्याने आधीच प्रामाणिकपणे सांगितलं की ही मशीन इंडियासाठी बनलेलीच नाही. मला हेच आवडलं. इंडियासाठी बनवलं की तडजोड आली. हा जपानी माणसाने जपानी माणसासाठी बनवलाय. चुकून आपल्याला मिळतोय.
त्याचं इथे पासिंग होत नाही, म्हणून रस्त्यावर आणायचा नाही, एवढंच. वावरात कोण पोलीस येतो?
सगळ्या लिव्हरखाली जपानी अक्षरं. एक लाल लिव्हर कशाची आहे ते राकेशलाही माहीत नाही. जपानी माणूस विनाकारण लिव्हर लावत नाही, एवढं मला माहीत आहे. निळा पसंत केला.

१२ मे
प्रमिलाने दोन शंका काढल्या. एक, पार्ट कुठे मिळतील. दोन, आमचे बैल चांद्या आणि पवन्या कुठे जातील. पहिलीला उत्तर दिलं नाही. नकारात्मक विचारांना उत्तर द्यायचं नसतं. दुसरीवर ती अडून बसली. जोडी बाजारात न्यायची नाही, गावातच राहिली पाहिजे. शेवटी माझ्या चुलतभावाने, डोमाजीने, जोडी घेतली. त्याचं वावर माझ्या वावराला लागूनच आहे. बिचारा अजून बैलातच अडकलाय.
जोडी निघाली तेव्हा प्रमिला बैलांसोबत चालत त्याच्या गोठ्यापर्यंत गेली. आल्यावर जेवली नाही. उन्हाचा त्रास असावा.
मग तिने अट घातली. शब्द जसेच्या तसे लिहून ठेवतो, म्हणजे नंतर वाद नको: "पोळ्याच्या आदी सारं वावर डवरून साफ दिसलं, तं मी पुन्ना बैलाचं नाव काढणार नाई. नाई दिसलं, तं जोडी परत आणजा."
मी हसून हो म्हटलं. डवरणी म्हणजे ओळींमधलं तण काढणं. जपानी इंजिनपुढे तण ते काय.

१९ मे
ट्रॅक्टर आला. टेम्पोतून उतरवताना अर्धं गाव जमलं. डोमाजीने विचारलं, भाऊ, हा पिल्लू आहे, तर याची माय कधी येणार. सगळे हसले. मत्सर माणसाला कुठे नेतो पहा.
सीटवर बसलो की गुडघे छातीला लागतात. फायदा असा की पाठ आपोआप सरळ राहते. पोश्चरवर जपानी लोक फार लक्ष देतात.
बैलांच्या जागी गोठ्यात उभा केला. गव्हाणीवर मॅन्युअल ठेवायचं ठरवलं होतं, पण मॅन्युअल नाही.

२१ मे
मोबाइलच्या कॅमेऱ्याने जपानी अक्षरांचं भाषांतर करून पाहिलं. इंजिनाजवळच्या पिवळ्या स्टिकरवर लिहिलंय: बर्फावर चालवताना घसरण्यापासून सावध राहा. वर्धा जिल्ह्यात हा धोका नाही. म्हणजे एक गोष्ट आताच आपल्या बाजूने आहे.
लाल लिव्हरखालची अक्षरं पुसट. कॅमेऱ्याने 'शेजारी' असं सांगितलं. डोमाजीला दाखवलं नाही.

६ जून
आज मोठा शोध लागला. गावात कपाशीच्या ओळी चार फुटांवर असतात. का, तर बैलाच्या जूचं माप तेवढं. म्हणजे इतकी वर्षं आपण पीक बैलाच्या मापाने पेरत आलो. केवढी गुलामी! माझ्या ट्रॅक्टरची चाकं त्या मापात बसत नाहीत. मी टेप घेऊन गोठ्यात ट्रॅक्टर मोजला, गणित केलं. सव्वातीन फूट. यंदा सगळी कपाशी सव्वातीन फुटांवर.
प्रमिला म्हणाली, थोडी चारवर राहू द्या. अर्ध्या मनाने क्रांती होत नाही, असं मी सांगितलं. ती कणीक मळायला निघून गेली.

२३ जून
टोबणी झाली, म्हणजे हाताने बी लावून झालं. दोरीला सव्वातीन फुटांवर लाल चिंध्या बांधल्या होत्या, बाया त्या चिंध्यांवरून सरकी टोबत गेल्या. एक म्हातारी दर चिंधीला डोकं हलवत होती. तिला मानेचा आजार असेल.
बांधावरून पाहिलं तर शेत एकदम फॉरेन वाटतं.

११ जुलै
कपाशी छान निघाली. पहिली डवरणी ट्रॅक्टरने. चाकं ओळींमधून अशी गेली की एका रोपाला धक्का नाही. मी घरून कपात चहा नेला होता. थोडा सांडला, पण ती आपल्या काळ्या मातीची चूक, ट्रॅक्टरची नाही.
डोमाजी बांधावर उभा राहून पाहत होता.  चांद्या-पवन्यासुद्धा पाहत होते. पवन्याने मला ओळखलं, मान वर केली. मी हॉर्न वाजवला. जपानी हॉर्न, आवाज बारीक.
आयुष्यातला उत्तम दिवस. हे खरंच लिहितो.

१३ जुलै
एक चतुर्थांश वावर झालं आणि जळका वास आला. मग क्लचचा पेडल पायाखाली नुसताच वरखाली. ट्रॅक्टर जागेवर, इंजिन सुरू. किरकोळ असावं. लाल लिव्हर ओढून पाहिली. काही झालं नाही.
सात-आठ जणांनी ढकलत घरी आणला. ढकलणाऱ्यांत डोमाजी होता. त्याने आज पिल्लू हा शब्द काढला नाही, ते मला जास्त लागलं.

१७ जुलै
देवळीच्या मिस्त्रीने क्लच प्लेट काढून हातात दिली. जळून कोळसा. ही घेऊन देवळी, वर्धा, हिंगणघाट अशी तिन्ही गावं फिरलो. प्रत्येक दुकानदार प्लेट उलटीसुलटी करून पाहतो, आतल्या माणसाला दाखवतो, मग चहा मागवतो. पार्ट नाही. चहा मात्र सगळीकडे चांगला मिळाला.
राकेशला फोन. प्लेट जपानहून निघाली, बोटीत आहे, म्हणाला. म्हणजे काम मार्गी लागलं.

२८ जुलै
सारखा पाऊस. कपाशीपेक्षा तण वेगात वाढतंय. बोट अजून समुद्रातच. प्रमिला रोज वावरात जाऊन येते आणि पायाला चिकटलेलं गवत दारात झटकते. मुद्दाम मी बसलेला असतो तिथे.
तिने कपाशीच्याच ओळींत तूर, मूग असं मध्ये-मध्ये लावलंय, त्यामुळे तणनाशकही मारता येत नाही. हे तिने मला विचारून केलं होतं म्हणे. आठवत नाही.

२ ऑगस्ट
मन मोठं करून डोमाजीकडे गेलो. दोन दिवस जोडी दे, म्हटलं. लगेच आला, हे मान्य केलं पाहिजे. पण जू चार फुटांचं. चांद्या ओळीत चालला की पवन्या कपाशीवर. पवन्या ओळीत आला की चांद्या कपाशीवर. एक तास, म्हणजे एका ओळीची फेरी, तेही पुरतं झालं नाही तोच डोमाजीने बैल थांबवले आणि कासरा हातात धरून म्हणाला, "भाऊ, बैलाले तुमचं माप समजत नाई. कपाशी तुडून राह्यले."
दुसऱ्या कोणाचा ट्रॅक्टर बोलावता येत नाही, देशी ट्रॅक्टर या ओळींत मावतच नाही. म्हणजे माझ्या शेतात सध्या जगातला फक्त एकच ट्रॅक्टर चालू शकतो, आणि तो गोठ्यात आहे.

४ ऑगस्ट
सुताराकडे गेलो. सव्वातीन फुटांचं जू बनवून दे. तो तान्ह्या पोळ्यासाठी पोरांचे लाकडी नंदी रंगवत बसला होता. अंगणभर नंदी. पोळ्यानंतर या, म्हणाला. निंदणाऱ्या बायाही पोळ्यापर्यंत दुसऱ्यांच्या वावरात लागलेल्या. मी त्यांना माझं काम जरा वेगळं, आधुनिक आहे, असं सांगितलं. त्या म्हणाल्या, आम्ही टोबलंय ते, आम्हाला माहीत आहे.
राकेशचा फोन बंद. चार्जिंग संपलं असेल.

८ ऑगस्ट
हिंगणघाटला स्वतः गेलो. शेडमध्ये आता जुनी फॉरेनची जनरेटर आहेत. दुसराच मुलगा होता. त्याने जनरेटर दाखवायला सुरुवात केली. हा माल इंडियासाठी बनलेलाच नाही, म्हणाला. मी परत आलो. एसटीत बसायला जागा मिळाली.
एक जनरेटर मात्र खरंच चांगलं होतं.

१० ऑगस्ट
विचार करून मार्ग काढला. डवरा हलका करायचा, दोर बांधायचा, आणि एका माणसाने ओढायचा. दुसऱ्याने मागे रुमणं, म्हणजे डवऱ्याची मूठ, धरायचं. माणूस सव्वातीन फुटांत आरामात मावतो. मशिनरीच्या भाषेत याला मॅन्युअल मोड म्हणतात. तात्पुरता.
रुमणं धरायचं काम कौशल्याचं, ते प्रमिला करते. म्हणजे ओढणारा ठरलाच.

११ ऑगस्ट
खांद्यावर दोर घेऊन सकाळपासून. वाकून चाललं की दम कमी लागतो, हे स्वतः शोधून काढलं. तासाच्या टोकाला पोचलो तेव्हा प्रमिला सवयीने ओरडली, "हो रे, हो, फिर!" मग जीभ चावली.
मी फिरलो होतो.

१४ ऑगस्ट
पाऊस, चिखल, दोर. बांधापलीकडे डोमाजीची जोडी चरत होती. पवन्या बराच वेळ माझ्याकडे पाहत उभा होता. जनावरांच्या नजरेत काही नसतं, आपणच वाचतो. तरी मी दिशा बदलून दुसऱ्या टोकाकडून सुरुवात केली.
दुपारी डोमाजी आला आणि न विचारता दोराचं दुसरं टोक धरून ओढू लागला. तास संपेपर्यंत सोडलं नाही. चांगला माणूस आहे. हे आधी लिहायला हवं होतं.

२० ऑगस्ट
वावर झालं. सगळं. बांधावर उभं राहून पाहिलं, एक तण नाही, ओळी आखल्यासारख्या. उजव्या खांद्याची कातडी निघाली आहे, पण अट अट असते. पोळ्याआधी वावर साफ. शर्त मी जिंकलो. प्रमिलाने मान्य केलं आणि शब्द पाळला. बैलांचं नाव काढलं नाही.
दिवसभर काढलं नाही. घर फार शांत होतं. जिंकल्यावर अपेक्षेएवढं बरं वाटत नाही.

२१ ऑगस्ट, संध्याकाळ
उद्या पोळा. आज खांदमळणी. वर्षभर जू वाहिलेल्या बैलांच्या खांद्याला आजच्या दिवशी तूप-हळद चोळतात आणि उद्याच्या जेवणाचं आवतन देतात. घरोघरी गोठ्यांत दिवे दिसत होते.
प्रमिलाही वाटी घेऊन गोठ्यात गेली. दर वर्षीची सवय. तिथे निळा ट्रॅक्टर. बराच वेळ ती दारात उभी होती. तो हलत नाही, काढूनही ठेवता येत नाही. मी ओट्यावर बसून पाहत होतो. आपण हिची जोडी विकली, हे मला आज पहिल्यांदा असं सरळ शब्दांत सुचलं. वाईट वाटलं. मुद्द्याचं एवढंच.
मग ती वाटी घेऊन माझ्याकडे आली. बनियन सरकवा, म्हणाली. सोललेल्या खांद्याला तूप-हळद लावली. झोंबलं, पण मी हललो नाही. चोळून झाल्यावर तिने हात जोडले नाहीत, हसलीही नाही. बैलांना म्हणते त्याच आवाजात म्हणाली, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."
मी येतो म्हटलं.
सकाळी डोमाजीकडे जाऊन जोडी परत मागणार आहे. तो देईल, त्याने परवाच जोडीसोबत पाठवायला वैरण बांधून ठेवली आहे. सुताराला जू सव्वातीनचं सांगायचं की पुढल्या वर्षी ओळी चारवर न्यायच्या, ते प्रमिला ठरवेल.
पोळ्याला बैलांना कामाला लावत नाहीत. त्यामुळे उद्या मला सुट्टी आहे.