मुंबई पाहायला मी येत नाही

अहो,

भाकरी टोपलीत आहे, ठेचा वाटीखाली झाकलाय. मी दोन्ही पोरींना घेऊन पहिल्या एसटीने फैजपूरला, माहेरी चालले.

आठवडाभर मुंबई फिरू, चौपाटी, राणीची बाग, बोट, बठ्ठं सगळं दाखवतो म्हणालात, तेव्हा मी खुळ्यासारखं नवं पातळ काढून ठेवलं. मग तुमच्या आई, आत्याबाई म्हणाल्या, "पोरीस्ले आठेच ऱ्हाऊ दे." तिथंच मी पातळ परत घडी करून ठेवलं. पोरींना घरी ठेवून राणीची बाग कोण दाखवतं?

गेल्या साली जाऊबाई पोटुशी होत्या, तेव्हा त्यांनाही अशीच मुंबई दाखवली. काल विचारलं, समुद्र कसा असतो? म्हणाल्या, "माले काय माहीत बाई? दवाखानानी भित देखीसन उनू." नुसती दवाखान्याची भिंत पाहून परत आल्या. तपासणीत मुलगी निघाली, तिथंच पाडली.

मला चौथा महिना आहे. तुमच्या रागाला मी कधी भ्याले नाही, पण त्या दिवशी तुम्ही एवढं गोड बोललात, त्याला भ्याले.

न्यायला या, पण एकटे या. पोटात जे असेल ते जन्माला येईल, हे माझ्या आबांसमोर बोला. मग खुशाल मुंबईला न्या म्हणेन. तेव्हा पोरगी झाली तरी पाच जणं जाऊ.

विमल