उघाडीखालचे मासे

बाबा, इथेही मासे चढतात.

तुम्ही गेलात त्याला वीस-बावीस वर्षं झाली आणि गेलेल्या माणसाला बातम्या कळवत बसायची आपल्या घरात पद्धत नाही, तरी ही एक कळवतेय. आम्ही २०११ साली न्यूझीलंडला आलो. आधी ऑकलंडच्या खालच्या अंगाला पापाकुराला होतो, मग दोनेक वर्षांनी तुमच्या जावयाला पामर्स्टन नॉर्थच्या हॉस्पिटलात नोकरी लागली आणि मलाही लॅबमध्ये काम मिळालं. शहर लहान, सपाट, आणि वारा म्हणाल तर डोकं उठवणारा. गाडीने अर्ध्या तासावर समुद्र आणि समुद्राला मिळणारा एक ओढा. ऑगस्ट अर्धा सरला की त्या ओढ्यातून करंगळीएवढे मासे समुद्राकडून वर चढायला लागतात. काचेसारखे आरपार, त्यात डोळ्यांचे दोन काळे ठिपके, बस्स. त्यांना इथे व्हाइटबेट म्हणतात. पहिल्यांदा पाहिले तेव्हा मी काठावर उभी राहून ओरडले, "अगो बाई, चढण!" तुमची नात म्हणाली, "मम, स्टॉप. पीपल आर लुकिंग." बघू देत की.

तुम्हाला मी चढण समजावून सांगायची म्हणजे कहरच. मिरगाच्या सुमारास नदी भरली की मासे अंडी घालायला ओहोळांतून, मळ्यांतून वर निघायचे आणि तुम्ही एसटी कंडक्टरची खाकीसुद्धा न बदलता पागाचं जाळं खांद्यावर टाकून निघायचात. ड्रायव्हरकाका तुमच्याइतकेच मासेवेडे, पाण्यात हालचाल दिसली की पुलावर गाडी उभी. प्रवासी तक्रार करतील तर शपथ! उलट खिडकीतून विचारायचे, "काय गावला काय?" घरी आई मासा चिरतेय, आत अंड्यांची गाबोळी निघतेय, ती आधी तव्यावर आणि तिथून थेट माझ्या ताटात. पोटात गाबोळी असलेला मासा आणला म्हणजे तुमची मान ताठ. आपण पुढच्या वर्षाचे मासे खातोय हे ना तुम्हाला सुचलं, ना आईला. मी तर ताट चाटूनपुसून साफ करत होते.

इथे मला जाळं धरायला शिकवलं ते शेजारच्या म्हाताऱ्याने. ऐंशीच्या आसपासचा गोरा माणूस, जन्म शेतीत गेलेला, बायको वारलेली, मुलं ऑस्ट्रेलियात. आम्ही राहायला आलो त्या आठवड्यात लिंबांची पिशवी घेऊन दारात आला आणि माझ्या फोडणीचा वास हुंगत तिथेच रेंगाळला. पहिल्याच हंगामात त्याने मला लांब दांड्याचं एक जाळं आणून दिलं. "माझ्या बायकोचं," एवढंच म्हणाला. तुम्ही मला पागाला कधी हात लावू दिला नाहीत, पोरीची जात, पाण्यात काय करायचंय तुला. म्हणून असेल, पण ते जाळं हातात घेतल्यावर मला रडू आलं. तो गडबडला आणि उगाच आभाळाकडे बघत राहिला. तेव्हापासून दर हंगामात आम्ही दोघं शेजारी शेजारी खुर्च्या टाकून बसतो. तो मला 'लव्ह' म्हणतो, माझा थर्मासातला चहा पितो आणि जास्त गोड म्हणून नावंही ठेवतो. पकडलेले मासे अंड्यात कालवून तव्यावर टाकायचे, एवढीच त्यांची पाककृती. मी एकदा जवळ्यासारखे कांदा-कोकम घालून केले, तर ताटात शोधत म्हणाला, "व्हेअर आर द फिश, लव्ह?"

मासे पकडायचे तर इथे नियमांची पोथी आहे. हंगाम ठरलेला, वेळा ठरलेल्या. सबंध ओढा अडवायचा नाही. माणशी एक जाळं, आणि जाळ्यापाशीच बसायचं. आमच्या इथल्या मराठी मंडळातल्या एका कुटुंबाने 'माणशी एक' ऐकल्याबरोबर पुण्याहून आलेल्या आजींना स्वेटर, कानटोपी, पायात जांडल्स, म्हणजे इथल्या रबरी सपाता, घालून एका जाळ्याशी बसवलं. तपासायला आलेल्या अधिकाऱ्याने आजींकडे नीट पाहिलं, पण आजी नियमात बसत होत्या. फक्त त्या पक्क्या शाकाहारी, त्यामुळे सबंध सकाळ नाकाला पदर लावून बसल्या होत्या.

यातला महत्त्वाचा नियम उघाडीचा. आपल्याकडे खाजणाच्या बांधाला उघाडी असते ना, तशीच झडप या ओढ्यावर आहे, भरतीचं पाणी शेतात शिरू नये म्हणून. भरतीला ती बंद होते आणि वर निघालेले मासे तिच्या तोंडाशी गोळा होतात, स्टँडवर गाडीची वाट बघणाऱ्या माणसांसारखे. तिथे कोणीही जाळं घालावं आणि बादली भरावी. म्हणून उघाडीच्या जवळपास जाळं लावायला बंदी. तसा बोर्डही आहे, चित्रासकट.

आणि मासे कमी होत चाललेत, बाबा. पहिल्या हंगामात मला सकाळभरात कपभर तरी मिळायचे, आता दिवसभर बसून मूठभर. म्हातारा सांगतो, त्याच्या लहानपणी बादल्या भरायच्या आणि उरलेले कोंबड्यांना घालायचे. यांची अंडी काठच्या गवतात असतात, ते गवत गाईगुरांनी तुडवलं, पाणी बिघडलं, आणि पकडणारे आम्ही आहोतच. मी रविवारी काठावर झाडं लावणाऱ्या लोकांत जायला लागले. म्हातारा हसायचा. "मासे येतात नि जातात, लव्ह. माझा आजा इथेच बसायचा." हे 'इथेच' म्हणजे उघाडीखाली. यंदा सप्टेंबरात खाली वळणावर काहीच मिळेना तेव्हा तो उठून सरळ तिथे जाऊन बसला. मी म्हटलं, बोर्ड वाचा. म्हणाला, बोर्डाच्या आधीपासून मी आहे. आठवड्याने पुन्हा म्हटलं, तर चिडला. मग एका सकाळी मी पाहिलं, भरती होती, झडप बंद होती, सगळा थवा तोंडाशी दाटला होता आणि याचं जाळं बरोबर त्याच्यात. बादली अर्ध्याच्या वर. यंदाचे बहुतेक सगळे मासे त्या बादलीत होते, असं मला वाटलं. मी गाडीत जाऊन बसले.

गाडीत बसून मला देवाची कोंड आठवली, आपल्या नदीतला देवाचा म्हणून राखलेला डोह. सबंध नदीत तुम्ही पाग टाकलात, पण कोंडीत कधी नाही. कोणीच नाही. मे महिन्यात नदी आटली तरी कोंडीत हातभर लांबीचे मासे संथ फिरायचे, आणि त्यांचीच पिल्लावळ पावसात नदीभर व्हायची. मी सातवीत होते. शाळेतून तुमच्याच गाडीने येत होते. बाजारातून मामा चढला, आईचा सख्खा भाऊ, बरोबर ब्लीचिंग पावडरचं पोतं. तुम्ही मुकाट्याने लगेजचं तिकीट फाडलंत. दोन दिवसांनी कोंड पांढरी झाली, लहान-मोठे सगळे पोटं वर करून. गाव देवळात जमला. गुरवाने गाऱ्हाणं घातलं, "जेणां कोणी ह्यां पाप केल्यान आसात, तेचां वाटोळां कर रे म्हाराजा!" आणि सगळे एका सुरात म्हणाले, "व्हय म्हाराजा!" मामा म्हणाला. तुम्हीही म्हणालात. मी तुमच्या तोंडाकडे बघत होते. घरी येताना मी विचारलं तेव्हा न थांबता म्हणालात, "गप रव. आपल्याक ह्याच गावात रवचा आसा." त्यानंतर चढण दर वर्षी कमी होत गेली आणि मी कॉलेजात जाईपर्यंत तुमचा पाग पडवीत नुसता टांगलेला होता. त्यासाठी मी तुम्हाला माफ केलं नाही. तुम्ही शेवटी हॉस्पिटलात होतात तेव्हा पाय चेपत होते, पण मनातून नाही केलं.

तर मी फोन केला. बोर्डावरच नंबर असतो. पलीकडची बाई चांगली होती, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, नाव सांगायचं नसेल तरी चालेल. मी त्या वाक्यावर झडप घातली. म्हटलं, नको, नाव नको. तासाभराने अधिकारी आला. बादलीतले मासे झडपेच्या वरच्या अंगाला पाण्यात सोडले, म्हाताऱ्याचं जाळं जप्त केलं, दंडाची पावती दिली. म्हातारा हात खिशात घालून उभा होता. एवढा मोठा देह, पण लांबून लहान दिसत होता. मला वाईट वाटलं आणि मासे सुटले म्हणून बरंही वाटलं. दोन्ही खरं आहे.

संध्याकाळी तो कुठे आला असेल? माझ्याचकडे. स्वयंपाकघरात येऊन खुर्चीत बसला. मी माशाची आमटी आणि भात वाढला, आता तो तिखट खातो. म्हणाला, "कोणीतरी हरामखोराने चुगली केली. नाव द्यायची हिंमत नाही. जो कोणी असेल त्याच्या चारही टायरांत खिळे घुसोत." मी म्हटलं, "हो ना." ते 'हो ना' तोंडातून निघालं आणि मला देवळातला तुमचा आवाज ऐकू आला. अगदी तसाच, ना मोठा ना बारीक, सगळ्यांच्यात मिसळून जाईल एवढाच. म्हातारा म्हणाला, "तुला कोण वाटतं?" मी म्हटलं, "नो आयडिया." तुमची नात समोर बसून गृहपाठ करत होती. तिला मी गाडीतून फोन केल्याचं माहीत होतं, कारण मागच्या सीटवर तीच होती. तिने मान वर केली, माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा वहीत घातली.

मी स्वतःला बजावते की मी निदान फोन केला, तुम्ही तेवढंही केलं नाहीत. ते खरंच आहे आणि उद्या तीच वेळ आली तर मी पुन्हा करीन. पण मला वाटायचं, खरं बोलणं सोपं असतं, तुम्हीच भित्रे होतात. सोपं नसतं हो. तुमच्या समोर मामा होता, आई होती, सबंध वाडी होती. माझ्या समोर एक म्हातारा आमटी-भात खात होता, तरी माझी जीभ उचलली नाही.

दुसऱ्या दिवशी तो बायकोचं जाळं मागायला आला, उसनं. मी गॅरेजमधून काढून दिलं आणि म्हटलं, एका अटीवर, खाली वळणावरच बसायचं. "येस, मॅम," म्हणाला आणि खरंच तिथे बसतो. आता दोघांत जाळं एकच, म्हणून मी त्याच्या शेजारी नुसती बसते. सकाळभरात मूठभर येतात. त्यातले अर्धे तो मोजूनमापून माझ्या डब्यात घालतो. मी नको म्हटलं तर रागावतो.

आणि बाबा, मी हे पत्र तुम्हाला लिहायला बसलेच नव्हते. त्याला लिहायला बसले होते. 'डिअर' लिहिलं, पुढे त्याचं नाव लिहिलं आणि पेन पुढे सरकेना. मग पान उलटलं आणि 'बाबा' लिहिलं. तुम्हाला सांगून काही मोडत नाही. तो मात्र उद्या सकाळी माझी खुर्ची मांडून वाट बघत असेल.