घंटी वाजली की बिस्किटं

४ मार्च

आले! परत आले! भिंगरी, लांब्या आणि हिशेबवाली — तिघं, दोन टेम्पो सामान आणि काचेच्या पेटीत एक मासा. नातीची कंपनी बुडता बुडता राहिली आणि माझ्या मागच्या खोलीत येऊन टेकली. मी दुःखी दिसायला हवं होतं. पुष्कळ प्रयत्न केला. भिंगरी म्हणाली, "आजी, तू हसतेयस." म्हटलं, दातात काहीतरी अडकलंय.

ही डायरी त्यांच्याच सामानातली. भरभराटीत छापून घेतल्या होत्या — सोनेरी कडा, वर कंपनीचं नाव. खोकीच्या खोकी उरलीत. माझं शिक्षण चौथीपर्यंत, इतक्या गुळगुळीत कागदावर कधी लिहिलं नव्हतं. पेन घसरतं.

६ मार्च

सगळं नीट लिहून काढते, म्हणजे माझं मलाच कळेल.

हा धंदा याच खोलीत सुरू झाला. भिंगरी म्हणजे माझ्या मुलाची मुलगी, एका जागी बसेल तर शपथ! तिने बँकेतली नोकरी सोडली आणि कॉलेजातल्या दोघांना घेऊन हेज फंड काढला. लोकांचे पैसे घ्यायचे, बाजारात लावायचे. काही शेअर चढतील म्हणून, काही पडतील म्हणून. पडण्यावरही पैसे मिळतात हे मला अजून पटलेलं नाही. हेज म्हणजे कुंपण म्हणे — इकडे नुकसान झालं तर तिकडून भरून यावं, म्हणून घातलेलं. मग गेल्या वर्षी ढोरं शिरली कुठून? हे विचारणार होते, पण पोरीचं तोंड बघितलं आणि चहा टाकला.

लांब्या शेअर निवडतो. माझ्या दारातून वाकून येतो आणि तरी आठवड्यातून एकदा कपाळ आपटतोच. हिशेबवाली हिशेब बघते आणि बोलण्यात काटकसर करते. सुरुवातीला हात लावतील तिथे सोनं! मग उंच काचेच्या इमारतीत गेले. मजलाभर माणसं, दारात माशांची पेटी. मी एकदा गेले होते. प्यायला पाणी मागितलं तर तिथली मुलगी म्हणाली, कोणतं? घरी येऊन प्यायले.

मग वाईट वर्ष आलं. लोकांनी पैसे काढले, माणसं गेली, इमारत गेली, मासेही एक सोडून सगळे गेले. जे थोडे लोक उरलेत ते जूनअखेर ठरवणार — पैसे ठेवायचे की काढायचे. काढले तर कंपनी बंद, आणि भिंगरी परदेशी, एका मोठ्या कंपनीत. तिकडून बोलावणं येऊन पडलंय.

हे ऐकलं आणि दातात अडकलेलं निघालं.

८ मार्च

भिंगरीला घंटी हवी होती. कशाला ते सांगितलं नाही. म्हणाली, आजोबांच्या दुकानात असेल ना एखादी?

खाली ह्यांचं सायकलचं दुकान. हे गेल्यापासून बंद. किल्ली माझ्या कमरेला. मुलगा दर फोनला म्हणतो, आई, निदान भाड्याने तरी दे. मी म्हणते, बघू, घाई काय आहे. आत कुणाला जाऊ देत नाही. आजही मीच गेले. ह्यांचा डगला खुंटीला तसाच आहे. पाने, पंप, उलटी टांगलेली चाकं, सगळं जिथल्या तिथे. एक घंटी घेतली, पदराने पुसली, कुलूप लावलं.

लांब्याने ती टेबलाच्या कडेला स्क्रूने बसवली. आवाज अजून खणखणीत!

११ मार्च

वाजली! भिंगरीने वाजवली आणि तिघांनी टाळ्या पिटल्या. मी स्वयंपाकघरात होते, धावत गेले. फायदा झाला असणार! लगेच आल्याची बिस्किटं भाजली. भिंगरी बघतच राहिली. मग म्हणाली, "वा, आजी." आणि दोन एकदम तोंडात कोंबली.

१४ मार्च

आज दोनदा! लोणी संपलं.

२६ मार्च

शेजारीण विचारत होती, बुडालेली कंपनी ना तुमच्याकडे आलीय? म्हटलं, ये, बस अशी कान देऊन. आणि देवासारखी तिच्यासमोरच वाजली! तिचं तोंड बघण्यासारखं झालं. तिलाही बिस्किट दिलं. दोन नवी माणसं घेतलीत, तीही वाजवतात. पहिल्यांदा लाजत होती, आता सरसावून येतात. आज एकजण तर घंटी वाजवता वाजवता डब्याकडेच बघत होता.

लांब्या मात्र एकदाही वाजवत नाही. बिचाऱ्याला फायदाच होत नाही वाटतं. त्याला वाईट वाटू नये म्हणून मी त्याच्या बशीत जास्त ठेवते. तो हात लावत नाही.

१८ एप्रिल

काय लिहू! अजून कान गरम आहेत.

दुपारी हिशेबवाली चक्क हसली. म्हणाली, या महिन्यात चांगला नफा आहे. घंटी काही वाजली नाही. मी म्हटलं, अगं मग वाजवा ना, मी ओव्हन लावते! नवा पोरगा टेबलाखाली काहीतरी शोधायला लागला. आणि लांब्या, जो महिनाभर हसला नव्हता, तो खुर्चीवरून खाली यायचा राहिला.

भिंगरीने मला बाहेर आणून बसवलं. घंटी तोट्याची आहे! एखादा सौदा चुकला, तो तोट्यात मोडून टाकला, की वाजवायची आणि बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या. काचेच्या इमारतीत कंपनी बुडाली ती तोट्याने नाही, तोटा लपवल्याने. जो तो आपला चुकलेला सौदा पोटाशी धरून "परत चढेल" म्हणत बसला. म्हणून हा नियम.

म्हणजे मी यांच्या प्रत्येक नुकसानीला बिस्किटं वाटली! वर शेजारणीला बोलावून!

"मग सांगितलं का नाही मला?"

"मीच सगळ्यांना बजावलं होतं, आजीला सांगायचं नाही," भिंगरी म्हणाली. "पहिल्या दिवशी घंटी वाजवताना मला तोंड लपवावंसं वाटत होतं. आणि तू आलीस डबा घेऊन, लग्न ठरल्यासारखी! त्यानंतर कुणाला लाजच वाटेना. तोटा लहान असतानाच मोडतात सौदे. आजी, डबा बंद करू नकोस."

मी म्हटलं, आता कळल्यावर तसंच तोंड कसं करू? म्हणाली, तुझं तोंड तसंच आहे.

मग लांब्याचं सांगितलं. एका जहाजांच्या कंपनीचे शेअर त्याने इमारतीत असताना घेतले होते. तेव्हापासून उतरतायत आणि हा सोडत नाही. सगळ्यात मोठा सौदा तोच. जूनमध्ये लोक पहिल्यांदा तेच विचारणार. भिंगरीने मोडायला लावलं असतं, पण ती म्हणते, घंटी हात धरून वाजवली तर ती घंटी नाही. मैत्री की कंपनी, असं तिला झालंय.

२ मे

लांब्या दिवसभर जहाजांकडे बघतो. मी मासा धुते, म्हणजे पेटी. दोघांची नजर सारखीच.

२३ मे

भर दुपारी लांब्या स्वयंपाकघरात आला. कपाळ आपटलं. चोळत उभा राहिला. मग म्हणाला, "आजी, डब्यात काही आहे का?"

डबा रिकामा होता! नेमका आजच! म्हटलं, थांब, आत्ता लावते. तो थांबला. ओट्याला टेकून, कणीक मळताना बघत. त्याने सांगितलं, बाबांना सगळ्यात आधी याच शेअरबद्दल सांगितलं होतं, छाती फुगवून. माझ्याकडे द्यायला ओव्हन तेवढा होता.

बिस्किटं फुलली तसा तो आत गेला. घंटी वाजली. एकदाच, पण लांबलचक. टाळ्या मात्र थांबेनात. भिंगरी रडत होती आणि हसत होती. त्याने गरम गरम खाल्ली, जीभ भाजली, तरी खाल्ली.

५ जून

जहाजवाली कंपनी गडगडली! सौदा ठेवला असता तर यांचं घरदार वाहून गेलं असतं. हिशेबवालीने सलग तीन वाक्यं बोलून मला समजावलं.

२८ जून

पैसेवाले आले. खुर्च्या पुरेनात, दोघं माझ्या पलंगावर बसले. एक म्हाताऱ्या डॉक्टरीणबाई होत्या, जन्माची कमाई यांच्याकडे ठेवलेली. त्यांनी घंटीकडे बोट दाखवून विचारलं, ही काय भानगड? लांब्याने स्वतः सांगितलं, जहाजांसकट. बाई म्हणाल्या, स्वतःची चूक सांगणारे डॉक्टरही मला फार भेटले नाहीत. आणि पैसे ठेवले! त्यांचं बघून बाकीच्यांनीही ठेवले.

भिंगरीने परदेशी कळवलं, येत नाही म्हणून. मी माशाला दोनदा खायला घातलं.

९ जुलै

पुन्हा माणसं वाढणार. मागची खोली पुरत नाही. जागा बघतायत — शहराच्या त्या टोकाला एक आहे म्हणे. भिंगरी म्हणाली, दर रविवारी येईन हं आजी. खाली दुकान आहे, पण ती त्याचं नावही काढत नाही. कधीच काढलं नाही पोरीने.

मुलाचा फोन आला. म्हटलं, बघू, घाई काय आहे. फोन ठेवला आणि कमरेची किल्ली हाताला लागली — मीही पोटाशीच धरून बसलेय की!

१० जुलै

आज घंटी मी वाजवली.

दुकानाची किल्ली टेबलावर ठेवली आणि वाजवली. लांब्याने पहिली टाळी वाजवली.

डबा रिकामा होता. लांब्या म्हणाला, बसा तुम्ही, आणि स्वतः ओव्हन लावायला गेला. बिस्किटं करपवली. मी सगळी खाल्ली.