धुऊन परत आलेले पट्टे

प्रिय ताई,

पत्र टाळत होतो, खोटं कशाला बोलू. रोज कागद काढायचो आणि कुठेतरी भटकायला निघून जायचो. तू आईच्या सेवेला गेलीस खरी, पण तिच्याकडे फोन लागत नाही, नाहीतर हे बोलूनच टाकलं असतं. तिचा खोकला कमी झाला का? हे पत्र तिला वाचून दाखवू नकोस.

सध्याची नोकरी मात्र झकास आहे. जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवणारा एक कारखाना आहे, त्याच्या मागे वस्ती. तिथल्या हवेनं माणसांचं काय होतं, ते तीन देशांचे शास्त्रज्ञ मिळून शोधतायत. मी त्यांची गाडी चालवतो, खोकी उचलतो आणि दारोदार गप्पा मारतो. गप्पा तर मी फुकटही मारल्या असत्या. हे लोक पडद्यावर भेटतात तेव्हा एक जांभया देत असतो, दुसरा जेवत असतो आणि आमच्या डॉक्टरीणबाई इथे माश्या हाकलत असतात. एकदा जेवणाऱ्याला ठसका लागला तर तिन्ही देशांचं काम थांबलं. असो, भरकटलो.

काम असं, की घरोघरी मनगटावर बांधायला कापडी पट्टा द्यायचा. आठवडाभर काढायचा नाही. हवेतली धूळ त्यात अडकते, मग तो पाकिटात घालून परदेशी प्रयोगशाळेत पाठवायचा. निकाल आला आणि सगळे चक्रावले. पट्टे एकदम स्वच्छ. बाई म्हणत होत्या थांबा, काहीतरी चुकतंय. पण तो कच्चा निकाल मालकाच्या हाती लागलाच, आणि त्याने आपल्या दोन्ही कारखान्यांत कामगारांना गोळा करून तो वाचून दाखवला.

कोडं सुटलं ते कोपऱ्यावरच्या म्हातारीकडे चहा पिताना. ती शेजारणीचं पातेलं परत द्यायचं म्हणून घासत होती. पट्टासुद्धा असाच साबणाने धुऊन दिला, हे तिने कौतुकाने सांगितलं. मी आ वासला, तर म्हणाली, "उसनी वस्तू मळकी परत द्यायची? आम्हाला काही वळण नाही का रे?" साऱ्या गल्लीने तेच केलं होतं. कित्येकांनी तर खराब होऊ नये म्हणून कामावर जाताना तो काढून खुंटीला लावला होता. मी पोट धरून हसलो. बाईंना सांगितलं, त्या हसल्या नाहीत.

त्यांनी मग पोरांचं रक्त तपासायला घेतलं. ताई, एकाही पोराचं धड निघालं नाही, सगळ्यांच्या रक्तात शिसं. एक आई सांगत होती, मुलगी जेवत नाही, पोट धरून बसते, उगाच चिडते, येत असलेले शब्द विसरते. मी ऐकता ऐकता उठलो आणि गाडीत जाऊन बसलो. किल्ली कुठे लावायची तेच सुचेना.

गेल्या खेपेला तुझ्या टिल्लूला 'चिमणी' शब्द आठवेना म्हणून तो रडला होता, आणि मामावर गेलाय म्हणून आपण हसलो होतो. दाजी त्याच मालकाच्या दुसऱ्या कारखान्यात भट्टीवर. त्यांच्या कपड्यांवरची धूळ रोज घरात येते. मी त्यांना फोन केला, तर म्हणाले, "तुमच्याच साहेबांनी हवा स्वच्छ आहे म्हणून सांगितलंय. तू आधी एका जागी टिकून दाखव." तेव्हापासून फोन उचलत नाहीत. म्हणून तुला लिहितोय. आईपाशी मावशीला ठेव, घरी जाऊन टिल्लूला घेऊन इकडे ये, त्याचं रक्त तपासू. इथवर लिहिलं आणि बाहेर गडबड ऐकू आली. ताई, दाजी आलेत. सकाळी टिल्लूला फिटचा झटका आला, शेजाऱ्यांनी भट्टीवर निरोप पाठवला, तसेच ते धावत घरी गेले आणि त्याला उचलून थेट इकडे. अंगात कामाचाच शर्ट आहे आणि टिल्लू त्यात तोंड खुपसून पडलाय. बाई त्याला घ्यायला हात पुढे करतायत, दाजी सोडत नाहीत. तू लगेच नीघ.

तुझाच,
भटक्या